टोप चढला

आमच्या घरी पुष्कळ वर्षे दिवसाचा पहिला प्रश्न ठरलेला असे. पत्नी स्वयंपाकघराच्या दारातून विचारी, "टोप चढला का जी?" मी परसाच्या टोकापर्यंत जाऊन पाहून येई आणि चढला किंवा नाही, एवढेच सांगे. चढला म्हटले की ती चहाचे आधण ठेवी. आमच्यात सकाळी याहून अधिक बोलणे होत नसे आणि त्याची उणीवही भासत नसे.

टोप म्हणजे गोबरगॅसच्या विहिरीवर पालथे घातलेले लोखंडी पिंप. विहिरीत शेण कुजते, त्यातून वायू निघतो आणि तो पिंपात साठू लागला की पिंप वर उचलले जाते. सकाळी ते हातभर वर दिसले, तर दोन्ही वेळचा स्वयंपाक निभावतो. यंत्रात समजून घेण्यासारखे एवढेच होते. ते आमच्या परसात कसे आले, हे मात्र सांगितले पाहिजे.

माझी सारी नोकरी वनखात्याच्या लाकूड आगारात गेली. सागाची मोजणी आणि जळाऊ बिटांची, म्हणजे सरपणाच्या रचलेल्या ढिगांची, नोंद हे माझे काम. निवृत्त झालो तेव्हा कुरखेड्याच्या बाजूला आमच्या मूळ गावी येऊन राहिलो. मुले आपापल्या नोकरीच्या गावी होती. घरात आम्ही दोघे, दोन बैल, एक गाय आणि एक म्हैस. सरपण मुबलक होते. चुलीवर अन्न शिजत होते, आणि चुलीपुढे पत्नी खोकत होती.

तो खोकला आधी पावसाळ्यात येई व पुढे जाई. नंतर तो जाईनासा झाला. ब्रह्मपुरीच्या डॉक्टरांनी छाती तपासली आणि औषधापेक्षा धूर टाळणे महत्त्वाचे आहे, असे सांगितले. चुलीपुढे बसणे चालूच राहिले तर दम कायमचा मागे लागेल, हेही त्यांनी स्पष्ट केले. पत्नीने सर्व ऐकून घेतले. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "मंग रांधन कोन?"

दुसऱ्याच्या हातचे ती खात नसे. त्यामागे कोणते व्रत नव्हते. तो तिचा स्वभाव होता. लग्नाच्या पंगतीतही ती दोन घास खाऊन उठे आणि घरी येऊन भात टाकी. स्वयंपाकाला कोणी बाई ठेवावी, असे मी एकदा सुचवले. तिने माझ्याकडे असे पाहिले की मी तो विषय पुन्हा काढला नाही. सिलिंडर तालुक्याहून आणावे लागे आणि पावसाळ्यात रस्ता तुटला की तेही येत नसे. विजेची शेगडी घ्यावी, तर चंद्रपूरला कोळसा जाळून केलेली वीज उंच मनोऱ्यांवरून दूरच्या शहरांकडे निघून जात होती. आमच्या गावातला दिवा संध्याकाळी काजव्याशी स्पर्धा करी.

तालुक्याच्या कार्यालयात गोबरगॅसची योजना होती. तेथील मिस्त्री येऊन जागा पाहून गेला. विहीर खणली, विटांचे बांधकाम झाले, टोप बैलबंडीवरून आला. अडचण शेणाची होती. आमच्याकडे गावची गुरे सकाळी गायकी, म्हणजे गुराखी, जंगलात चरायला नेतो. दिवसभराचे शेण जंगलातच पडते. घरी राहते ते रात्रीचे. चार जनावरांच्या रात्रीच्या शेणावर टोप चढणार नाही, असे मिस्त्रीने आधीच सांगितले होते.

आमच्या घराला लागून एका गोंड शेतकऱ्याचे घर होते. नवरा-बायको दोघेच, आमच्याच वयाचे. मधे बांबूचे कुंपण आणि कुंपणाला एक फट, जिच्यातून कोंबड्या आणि बायका ये-जा करीत. मी त्याला म्हटले की तुझे शेण माझ्या टाकीत येऊ दे. टाकीतून बाहेर पडणारी मळी तू पऱ्ह्यांना घाल. पऱ्हे म्हणजे रोवणीआधी वाढवलेली धानाची रोपे. मळी त्यांना मानवते. त्याने विचारले, शेणातला जोर गॅसमध्ये गेल्यावर खताला काय उरणार? मी म्हटले, पाहू. पहिल्याच वर्षी त्याचे पऱ्हे गावात सर्वांत काळेभोर हिरवे उठले आणि तो प्रश्न मिटला.

तेव्हापासून त्याची बायको रोज सकाळी फटीतून घमेले घेऊन येई. शेण कुंडीत टाकी, त्यात बरोबरीचे पाणी घाली, काठीने ढवळी आणि बोळा काढून ते विहिरीत सोडी. आमच्या शेणाचेही काम तीच उरकून टाकी. नको म्हटले तरी ऐकत नसे.

गावात आरंभी थट्टा झाली. शेणाच्या चहाला वास येतो, अशी बातमी पसरली. खात्री करून घ्यायला लोक येत आणि ओसरीवर बसत. पत्नी चहा देई. एकाने वास घेत घेत कप संपवला, अजून नीट समजले नाही म्हणाला आणि दुसरा कप मागून घेतला. त्यानंतर ती बातमी मावळली.

पत्नीने गॅसची स्तुती कधी केली नाही. पण मला एक गोष्ट दिसली. चुलीच्या काजळीमुळे मागच्या फळीवर ठेवलेली तिची पितळी भांडी हळूहळू पुढच्या फळीवर आली. हिवाळा संपता संपता खोकला उतरला. उन्हाळ्यात तो नाहीसाच झाला. ती पुन्हा परसात वाकून भाजी खुडू लागली. मी आगारात आयुष्यभर लाकूड मोजले होते. न जळलेल्या लाकडाचा ढीग आमच्या मांडवाखाली पडून असलेला पाहणे मला आवडे.

असे दोन पावसाळे गेले. तिसऱ्यात ती घटना घडली.

भादव्याचा आरंभ होता. मी पेन्शनच्या कामासाठी तालुक्याला गेलो होतो. परतलो तेव्हा गावाच्या रस्त्यावर जीपच्या चाकांचे ओले ठसे होते. पोलिस येऊन गेले होते. आमच्या जिल्ह्यात दारूबंदी होती आणि सण जवळ आले की घरे तपासली जात. त्या दिवशी कोणाकडेही काही सापडले नाही, असे समजले. मला त्यात विशेष रस नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी टोप पाहिला आणि थांबलो. तो एवढा वर आलेला मी कधीच पाहिला नव्हता. कडेच्या फटीतून बुडबुडे निघत होते. मी घरात जाऊन सांगितले की आज टोप कमालीचा चढला आहे. पत्नी म्हणाली की मग आज डाळही लवकर टाकते. माझ्या स्वरात समाधान असावे, कारण ती किंचित हसली.

तिने काडी लावली. ज्योत बर्नरवरून उडाली आणि विझली. दुसरी काडी. पुन्हा तेच. गॅस फुसफुसत येत होता, पण पेटत नव्हता. नळीत पाणी साचले असेल म्हणून मी पाणी काढले. बर्नर घासला. तोटी बदलून पाहिली. दुपारपर्यंत काड्यांची पेटी संपली. टोप जागचा हलला नव्हता. उलट तो आणखी वर आला होता.

पत्नीने मांडवाखालचे लाकूड आणले. पावसाने ते दमट झाले होते. कोपऱ्यात सारवून ठेवलेली चूल तिने पेटवली. फुंकणीने फुंकताना तिला पहिली उबळ आली. मी बाहेर उभा होतो. ती आत खोकत होती आणि माझ्या परसात गॅसने भरलेला टोप उभा होता. त्या वेळी मला त्या लोखंडाचा जो राग आला, तो मी कधी माणसाचाही केला नसेल.

पुढच्या दिवशीही तसेच झाले. रात्री तिला उशीला टेकून झोपता येईना. ती भिंतीला पाठ लावून बसली. मी उजाडताच मळीच्या कुंडीपाशी गेलो आणि ओणवा होऊन वास घेतला. शेण कुजल्याचा ओळखीचा वास नव्हता. गोडसर, आंबूस, डोक्यात जाणारा वास होता. ज्याची नोकरी वनखात्यात गेली, त्याला तो वास सांगावा लागत नाही. तो मोहाचा वास होता. दारू गाळण्यापूर्वी मोहफुले मडक्यात आंबत घालतात. त्याला आमच्याकडे सडवा म्हणतात. माझ्या टाकीत सडवा गेला होता.

त्या कुंडीशी आमच्याशिवाय एकाच घराचा संबंध होता. मी कुंपणापाशी गेलो. शेजारी पडवीत दोर वळत बसला होता. मी विचारले की शेणाखेरीज आणखी काही टाकीत पडले का. तो म्हणाला, शेण आणि पाणी, आणखी काय पडणार? त्याचा चेहरा स्वच्छ होता. त्याला खरोखर माहीत नसावे. आतून भांड्यांचा आवाज येत होता, तो माझ्या प्रश्नाबरोबर थांबला.

मी पुढे विचारले नाही. मोह हा शब्द कुंपणावरून मोठ्याने उच्चारला असता, तर तो गावभर फिरून तालुक्याला पोहोचला असता. घरी येऊन पत्नीलाही काही बोललो नाही. ती चुलीपुढे बसली होती.

त्या दुपारी तिला फार मोठी उबळ आली. ती फुंकणी हातात घेऊन उंबऱ्यावर येऊन बसली. श्वास आत जात होता, पण बाहेर येताना अडत होता. मी पाणी आणले. ते तिला पिता येईना. एवढ्यात कुंपणाच्या फटीतून शेजारीण आली. ती रोज येई तशी घाईने नव्हे, हळूहळू आली. पत्नीपुढे बसली आणि तिच्या हातातली फुंकणी तिने काढून घेतली.

"बाई, म्याच वतला," ती म्हणाली. "जीप आली. मडकं घेऊन कुठी पळू? तुमच्या टाकीले पह्यलेच वास येते, म्हनून तिथी वतला."

पत्नीचा श्वास अजून जागेवर आला नव्हता. तिने विचारले, "देवाचा होता का वो?"

"देवाचाच. नव्या धानाच्या सनाले लागते न."

मग पत्नी हसू लागली. खोकला कुठे संपला आणि हसू कुठे सुरू झाले, मला सांगता येणार नाही. शेजारीण आधी घाबरली, मग पदर तोंडाला लावून तीही हसू लागली. आवाज ऐकून तिचा नवरा फटीतून आला. बायकोने त्याला गोंडीत सर्व सांगितले. त्याने एकदा बायकोकडे पाहिले, एकदा माझ्या फुगलेल्या टोपाकडे. मग माझ्याकडे वळून गंभीरपणे म्हणाला,

"बाबूजी, तुमी परवापासून टोप चढला, टोप चढला म्हनून राह्यले. टोप नाई चढला जी. टाकीले चढली."

मी हसलो नाही, असे पत्नी पुढे सर्वांना सांगत असे. माझ्या मते मी हसलो होतो.

दुसऱ्या दिवशी तालुक्याला जाऊन मिस्त्रीला भेटलो. टाकीत काही आंबट पडले आहे, एवढेच सांगितले. त्याने विचारले, काय पडले. मी म्हटले, आंबट. तो प्रश्न त्याने तेथेच सोडून दिला. असा गॅस भरपूर तयार होतो, पण पेटत नाही, असे त्याने समजावले. काही दिवस शेण घालू नका. रोज थोडी चुन्याची निवळी सोडा. टोपातला गॅस उघड्यावर जाऊ द्या. आणि एखाद्या चालू टाकीतली मळी आणून विहिरीत मिसळा, म्हणजे ती मूळ चालीवर येईल.

हे मी शेजाऱ्याला सांगितले. तो म्हणाला, म्हणजे विरजण. मी म्हटले, हो, विरजण. त्याने त्याच दिवशी बैलबंडी जुंपली. नदीपलीकडच्या गावात एकाकडे चालू गोबरगॅस होता. रस्ता चिखलाचा होता. आम्ही दोघे पिंपे घेऊन गेलो आणि दुसऱ्याच्या टाकीतली मळी बंडीत बांधून आणली. वाटेत भेटलेल्या एकाने विचारले की शेण कुठे नेता. शेजारी म्हणाला, पाहुणचाराला आणले होते, आता घरी पोहोचवतो. एवढे सोडले तर आम्ही जाता-येता फारसे बोललो नाही. तोही माझ्यासारखाच अल्पभाषी होता. म्हणून तर इतकी वर्षे शेजार टिकला.

पण टाकी ताळ्यावर येईपर्यंत प्रश्न चुलीचा होता. शेजारणीने तो कबुलीच्या त्या दुपारीच काढला होता. फुंकणी हातात धरूनच ती म्हणाली, "टाकीची उतरेपर्यंत तुमी चूल पेटवाची नाई, बाई. माह्या घरून जेवन येईन."

येथे एक गोष्ट सांगणे भाग आहे. आमची दोन घरे इतक्या वर्षांची शेजारी होती. शेण, मळी, काकड्या, बी-बियाणे, सर्व कुंपणातून जात-येत होते. लग्नकार्यात आम्ही त्यांना शिधा देत होतो आणि ते आम्हाला मोहफुले, चारोळी देत होते. शिजलेले अन्न मात्र त्या फटीतून कधी आले नव्हते. कोणी मनाई केली नव्हती आणि कोणी विचारलेही नव्हते. गावाची तशी रीत होती आणि आम्ही ती पाळत होतो. त्यात माझ्या पत्नीचा तो स्वभाव.

पत्नीने माझ्याकडे पाहिले. जेवायचे तिला होते आणि श्वासही तिचा होता. शेजारीण खाली पाहत बसली होती. आपण जास्त बोललो, असे तिला वाटले असावे. ती उठू लागली.

तेव्हा पत्नी म्हणाली, "तिखट कमी टाकजो."

संध्याकाळी फटीतून पितळेची झाकली, म्हणजे झाकणाचे भांडे, आली. भात, आणि बांबूच्या कोंबांची आंबट भाजी, जिला आमच्याकडे वास्ते म्हणतात. तिखट कमी नव्हते. पत्नीने पहिला घास घेतला आणि पाण्याचा लोटा ओढला. मी पाहत आहे, हे तिच्या लक्षात आले. "मिठाचा हात बरा हाये तिचा," ती म्हणाली आणि पानातले सर्व संपवले. मी तिला दुसऱ्याच्या हातचे जेवण संपवताना पहिल्यांदा पाहिले. दुसऱ्या दिवशी झाकली परत पाठवताना ती रिकामी जाऊ नये, म्हणून तिने परसातली दोन दोडकी ठेवली. शेजारणीने तीच शिजवून संध्याकाळी आमच्याकडे पाठवली. असे काही दिवस चालले.

धूर थांबला तशी पत्नीची रात्र सुधारली. आधी भिंत सुटली, मग उंच उशी सुटली. तिकडे टाकीचा वासही पालटत होता. मी रोज सकाळी मळीच्या कुंडीवर वाकून तो घेई. शेणाचा वास परत आला म्हणून आनंद मानणारा माणूस मी आयुष्यात दुसरा पाहिलेला नाही. टोप आता साधारण उंचीवर उभा राहू लागला. रोज एक काडी लावून पाहत होतो. ज्योत क्षणभर धरू लागली, मग थोडी अधिक. एके सकाळी ती धरली आणि राहिली. निळी, शांत, बर्नरला चिकटून.

मी पत्नीला हाक मारली. ती येऊन उभी राहिली. ज्योत बंद करून तिने स्वतः पुन्हा पेटवली. मला वाटले चहा ठेवील. तिने मोठे पातेले काढले. त्या दिवशी तिने भात, डाळ, पाटोड्या आणि तांदळाची खीर केली, आणि चहा मला अकरा वाजता मिळाला. मग शेजारणीची झाकली भरून ती स्वतः फटीतून पलीकडे गेली. मी पडवीतून ऐकले. शेजारीण म्हणत होती की एवढे कशाला. पत्नी म्हणाली की तिखट कमी आहे, खाऊन पाहा. ती बऱ्याच वेळाने परतली. झाकलीत नवी वास्त्यांची भाजी होती.

त्यानंतर शिजलेले अन्न दोन्ही बाजूंनी जाऊ-येऊ लागले. रोज नाही, पण काही चांगले केले की जाई. गावाने काही दिवस पाहिले. एका बाईने पत्नीला आडून विचारलेही. पत्नी म्हणाली, आमची टाकी एक आहे, मग जेवण कसे वेगळे राहील.

नव्या धानाचा सण ठरल्या वेळी झाला. देवाचे मडके टाकीत गेल्यावर त्यांनी देवाला काय वाहिले, हे मी विचारले नाही. त्या दिवशी शेजारी पळसाच्या पानाचा द्रोण घेऊन माझ्या कुंडीपाशी आला. द्रोणात नव्या धानाचा भात आणि चार मोहफुले होती. देवाचा वाटा या टाकीने आधीच घेतला आहे, तेव्हा तिलाही दिले पाहिजे, असे त्याचे म्हणणे होते. टाकायच्या आधी त्याने मला विचारले, "येवढ्यानं चढन का जी?"

मी म्हटले, नाही चढणार. त्याने द्रोण कुंडीत सोडला. पुढे दर वर्षी तो येत राहिला, आणि दर वर्षी तेच विचारून द्रोण सोडत राहिला. टाकीने कधी तक्रार केली नाही.

पत्नीच्या सकाळच्या प्रश्नात मात्र फरक पडला. कधी मन प्रसन्न असले की ती विचारी, "टोप चढला, का टाकीले चढली?" मी सांगे, टोप. मग ती आधण ठेवी.

फुंकणी त्या दुपारी शेजारणीबरोबर पलीकडे गेली होती. चांगली पितळेची होती, पत्नीच्या माहेरची. पुष्कळ दिवसांनी पत्नीने ती मागितली. शेजारीण म्हणाली, "तुमाले काऊन पाह्यजे आता?" पत्नी तशीच परत आली. फुंकणी अजून त्यांच्याच घरी आहे.